हरवलेले चेहरे परत देणारा शल्यविशारद : सर हॅरॉल्ड गिलीज

पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या ब्रिटिश सैनिकांचे निवृत्तिवेतन ठरविण्यासाठी शरीराच्या हानीचे एक कोष्टक तयार करण्यात आले होते. बोट गेले, डोळा गेला, पाय गुडघ्यापासून गेला, तर त्या त्या प्रमाणात रक्कम ठरलेली असे. पूर्ण निवृत्तिवेतनास पात्र ठरणाऱ्या मोजक्या हानींत दोन अवयव गमावण्याच्या जोडीला आणखी एक नोंद होती. ती म्हणजे चेहऱ्याची अतितीव्र विद्रूपता. हातपाय शाबूत असलेला, चालू-बोलू शकणारा माणूसही चेहरा नाहीसा झाल्यामुळे जगातून उठतो, याची ती सरकारी कबुलीच होती. अशा हजारो तरुणांना पुन्हा माणसांत आणून बसविण्याचे काम ज्या शल्यविशारदाने अंगावर घेतले, त्याचे नाव हॅरॉल्ड डेल्फ गिलीज. आधुनिक प्लास्टिक सर्जरीचे जनक म्हणून जग त्यांना ओळखते. मात्र या विद्येचे एक मूळ भारतात, त्यातही पुण्याच्या परिसरात आहे आणि गिलीज यांच्या कार्याचे काही धागे पुन्हा भारतातच येऊन मिळाले आहेत, हे फारसे कोणाच्या लक्षात राहिलेले नाही.

जडणघडण

गिलीज यांचा जन्म १७ जून १८८२ रोजी न्यूझीलंडमधील ड्युनेडिन या शहरात झाला. आठ भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते चार वर्षांचे असतानाच वडिलांचे छत्र हरपले. लहानपणी घरातल्या जिन्याच्या कठड्यावरून घसरण्याच्या खेळात त्यांचे कोपर मोडले आणि ते कायमचे आखडले. पुढे ज्या हातांनी जगातील सर्वांत नाजूक शस्त्रक्रिया केल्या, त्यांपैकी एक हात पूर्णपणे वळत नव्हता. वांगानुई येथील शाळेनंतर ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिज विद्यापीठात दाखल झाले. अभ्यासाइतकेच ते मैदानातही रमत. १९०४ मध्ये ऑक्सफर्डविरुद्धच्या प्रसिद्ध नौकाशर्यतीत ते केंब्रिजकडून उतरले होते. गोल्फच्या खेळात तर त्यांनी इंग्लंडचे प्रतिनिधित्व केले. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयात वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून त्यांनी कान, नाक व घसा हे क्षेत्र निवडले. १९११ मध्ये त्यांचा विवाह झाला. चांगला व्यवसाय, प्रतिष्ठित रुग्ण, सुटीच्या दिवशी गोल्फ, असे सुखाचे आयुष्य त्यांच्यासमोर पसरलेले होते. महायुद्ध झाले नसते, तर ते बहुधा तसेच सरले असते.

१९१५ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, रेड क्रॉसच्या वतीने ते फ्रान्सला गेले. तेथे वीमरू येथे चार्ल्स ऑगस्ट व्हॅलाडिए या दंतवैद्याची त्यांच्याशी गाठ पडली. व्हॅलाडिए मोठे हौशी गृहस्थ. आपल्या रोल्स-रॉइस मोटारीतच त्यांनी दंतचिकित्सेची खुर्ची बसवून घेतली होती. तुटलेले जबडे सांधण्याचे आणि हाड भरून काढण्याचे त्यांचे प्रयत्न गिलीज यांनी जवळून पाहिले. पुढे पॅरिसमध्ये इपोलित मोरेस्तँ या नामवंत शल्यविशारदाची शस्त्रक्रिया पाहण्याचा योग आला. चेहऱ्यावरील कर्करोगाची गाठ काढून टाकल्यावर पडलेली मोठी पोकळी मोरेस्तँ यांनी जबड्याखालची त्वचा वर सरकवून झाकली. त्या एका शस्त्रक्रियेने गिलीज भारावून गेले. दुसऱ्यांदा ते गेले तेव्हा मोरेस्तँ यांनी त्यांना आत येऊ दिले नाही. परंतु जे पाहायचे ते त्यांनी पहिल्याच भेटीत पाहिले होते.

खंदकातले युद्ध आणि चेहऱ्याच्या जखमा

खंदकांत लढल्या गेलेल्या या युद्धाने जखमांचे स्वरूपच बदलून टाकले होते. सैनिकाचे धड मातीच्या आड सुरक्षित राही. डोके मात्र वर काढावेच लागे. मशीनगनच्या गोळ्या आणि तोफगोळ्यांचे तुकडे नेमके तेथेच येऊन लागत. नाक, जबडा, गाल, ओठ एका क्षणात उडून जात आणि तरीही माणूस जिवंत राही. जबडा तुटलेल्या जखमीला पाठीवर निजवून नेले, तर जीभ मागे पडून किंवा स्वतःचेच रक्त घशात उतरून तो वाटेतच गुदमरून मरे. अशा जखमींना बसवून, डोके पुढे झुकवून न्यावे, एवढी साधी गोष्टदेखील अनेक जीव गेल्यावरच उमगली. प्रतिजैविके तेव्हा अस्तित्वात नव्हती. शेणखत मुरलेल्या शेतांतील चिखल जखमेत शिरला की ती हटकून चिघळत असे.

रुग्णालयात पोहोचलेल्यांची दैना तेथेही संपत नसे. शल्यविशारद जखमेच्या कडा एकमेकींकडे ओढून टाके घालीत आणि जखम बंद झाली म्हणून समाधान मानीत. आत हाड नाही, अस्तर नाही, अशा पोकळीवर ताणून बसविलेली त्वचा आकसत जाई. तोंड एका बाजूला ओढले जाई, डोळा मिटेनासा होई, जबडा उघडेनासा होई. जखम भरलेली असे, पण माणसाला खाता येत नसे आणि आरशात पाहवत नसे. अशा जखमींसाठी स्वतंत्र रुग्णालय हवे, असा आग्रह गिलीज यांनी लष्कराकडे धरला. ज्येष्ठ शल्यविशारद सर विल्यम आर्बथनॉट लेन यांचे पाठबळ त्यांना मिळाले आणि जानेवारी १९१६ मध्ये ऑल्डरशॉट येथील केंब्रिज लष्करी रुग्णालयात त्यांचा विभाग सुरू झाला. आघाडीवरचे जखमी आपल्यापर्यंत नेमके पोहोचावेत म्हणून गिलीज यांनी एक अफलातून युक्ती केली. स्वतःच्या खर्चाने त्यांनी आपल्या विभागाचा पत्ता असलेल्या चिठ्ठ्या विकत घेतल्या आणि चेहऱ्याला जखम झालेल्या सैनिकांच्या अंगावर डकविण्यासाठी त्या फ्रान्सला धाडून दिल्या. काही दिवसांतच त्या चिठ्ठ्या लावलेले जखमी खरोखरीच येऊ लागले.

१ जुलै १९१६ रोजी सोमची लढाई सुरू झाली. पहिल्याच दिवशी ब्रिटिश सैन्याचे सत्तावन्न हजारांहून अधिक सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. ऑल्डरशॉटमध्ये सुमारे २०० जखमींची तयारी ठेवण्यात आली होती. आले सुमारे २,०००. खाटा अपुऱ्या पडल्या, माणसे अपुरी पडली. या अनुभवातूनच मोठ्या व स्वतंत्र रुग्णालयाची निकड सर्वांना पटली आणि १९१७ मध्ये लंडनजवळ सिडकप येथे क्वीन्स हॉस्पिटल उभे राहिले. ब्रिटिश, कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडच्या तुकड्यांसाठी तेथे वेगवेगळे विभाग होते. पुढील काही वर्षांत तेथे पाच हजारांहून अधिक सैनिकांवर अकरा हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. सरासरी काढली तर एका माणसाच्या वाट्याला दोनच शस्त्रक्रिया येतात. प्रत्यक्षात अनेकांना कित्येक वर्षे पुनःपुन्हा शस्त्रक्रियेच्या मेजावर जावे लागले.

पुण्याहून निघालेली विद्या

हे काम शिकविणारे पाठ्यपुस्तक त्या वेळी उपलब्ध नव्हते. गिलीज यांना बरेचसे स्वतःच शोधावे लागले, तर काही प्राचीन परंपरेतून मिळाले. कपाळावरची त्वचा खाली वळवून नाक घडविण्याची भारतीय पद्धत युरोपात पोहोचली होती, ती अठराव्या शतकाच्या अखेरीस. इंग्रजांच्या सैन्यात बैलगाडी हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपू सुलतानाच्या माणसांच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराने पुण्याजवळ एका कुंभार जातीच्या वैद्याने कपाळावरील त्वचेचे नवे नाक त्याला बसवून दिले. मेणाचा नाकासारखा तुकडा करायचा, तो कपाळावर सपाट पसरून त्याच्या मापाने त्वचा आखायची, दोन भुवयांमधील देठ शाबूत ठेवून ती सोडवायची आणि खाली वळवून बसवायची, असा तो विधी होता. मुंबई इलाख्यातील इंग्रज डॉक्टरांनी तो पाहिला आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये त्याचे सचित्र वर्णन छापून आले. ते वाचून जोसेफ कॉन्स्टन्टाइन कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये तीच शस्त्रक्रिया यशस्वी केली. सुश्रुतसंहितेत वर्णिलेल्या या विद्येचा धागा अशा रीतीने एका अनाम कुंभाराच्या हातून इंग्लंडला पोहोचला. सुमारे शतकभरानंतर सिडकपच्या सैनिकांची नाके घडविताना गिलीज यांनी हीच कपाळाच्या त्वचेची पद्धत वापरली आणि तिच्यात मोलाची भर घातली.

ही भर कोणती, ते समजून घेतले पाहिजे. नाकाला बाहेरून जशी त्वचा लागते, तसे आतून अस्तर लागते आणि मधे आधार लागतो. केवळ बाहेरची त्वचा बसविली, तर ती आतून आकसते आणि काही महिन्यांत नाकाचा गोळा होतो. म्हणून गिलीज आधी अस्तर करीत, मग बरगडीच्या कूर्चेचा आधार देत आणि शेवटी त्वचेचे आवरण घालीत. जबड्याची बाजू दंतवैद्य विल्यम केल्सी फ्राय सांभाळीत. शिल्लक राहिलेले निरोगी भाग आधी त्यांच्या मूळ जागी परत न्यायचे, तेथे ते पक्के करायचे आणि मगच खरोखर काय हरवले आहे ते मोजून भरून काढायचे, हा गिलीज यांचा पहिला नियम होता. त्यामुळे उपचाराची सुरुवात अनेकदा उलटीच होई. घाईने शिवलेली जखम ते पुन्हा उघडीत आणि बरा झालेला वाटणारा रुग्ण काही काळ अधिकच भेसूर दिसू लागे.

त्वचेची नळी

३ ऑक्टोबर १९१७ रोजी विल्यम व्हिकरेज या नौसैनिकावर शस्त्रक्रिया सुरू होती. मे १९१६ च्या जटलंडच्या सागरी लढाईत मलाया या युद्धनौकेवर तो होरपळला होता. पापण्या उलटल्या होत्या, ओठ ओढले गेले होते, सगळा चेहरा व्रणांच्या जाड थराखाली गोठला होता. गिलीज यांनी छातीवरची त्वचा चेहऱ्याच्या आकारात आखली आणि खांद्यांकडे जाणारे दोन लांब पट्टे शाबूत ठेवून ती सोडविली. त्या पट्ट्यांमधूनच नव्या त्वचेला रक्त मिळणार होते. सोडविलेल्या पट्ट्यांच्या कडा आपोआप आतल्या बाजूला वळत आहेत, हे त्यांच्या लक्षात आले. त्या कडा एकमेकींना शिवून टाकल्या तर? त्यांनी तेथेच टाके घातले आणि सपाट पट्ट्याची बंद नळी झाली.

वरकरणी ही गोष्ट क्षुल्लक वाटते. परंतु उघड्या पट्ट्याची कच्ची बाजू हा जंतूंना शिरण्याचा राजमार्ग होता आणि प्रतिजैविकांच्या अभावी तेथेच अनेक शस्त्रक्रिया वाया जात. नळीला कच्ची बाजूच उरत नव्हती. आतला रक्तपुरवठा सुरक्षित राहत होता. शिवाय नळी लांब करता येत होती. तिचे एक टोक मूळ जागी ठेवून दुसरे टोक जखमेवर बसवायचे, काही आठवड्यांत तेथे नव्या रक्तवाहिन्या फुटल्या की मूळचे टोक कापायचे आणि उरलेली नळी उलगडून वापरायची किंवा परत जागेवर बसवायची, असा हा क्रम होता. पोटावरची त्वचा टप्प्याटप्प्याने, आधी मनगटावर आणि मग चेहऱ्यावर, नेणेही त्यामुळे शक्य झाले. हीच कल्पना ओडेसा येथील व्लादिमीर फिलातोव यांना १९१६ मध्ये, तर जर्मनीतील हुगो गांत्सर यांना १९१७ च्या सुमारास स्वतंत्रपणे सुचली होती. मात्र हजारो रुग्णांवर वापरून ती शास्त्राच्या पायावर उभी करण्याचे श्रेय गिलीज यांचे आहे. जटलंडच्याच लढाईत वॉरस्पाइट नौकेवर भाजलेला आणि पापण्या गमावलेला वॉल्टर यो हा नौसैनिकही याच काळात त्यांच्या हाताखाली आला. छातीवरच्या त्वचेचे आवरण डोळ्यांभोवती लावून त्याला नव्या पापण्या देण्यात आल्या. तो १९६० पर्यंत जगला.

एक पराभव

गिलीज यांची कीर्ती यशावर उभी आहे. त्यांची शिस्त मात्र एका पराभवातून आली. हेन्री राल्फ लमली हा तरुण वैमानिक. १९१६ च्या उन्हाळ्यात, प्रशिक्षण पुरे होत असतानाच त्याचे विमान कोसळून पेटले. चेहरा आणि हात जळून गेले. सिडकपला तो पोहोचला तोवर वर्षाहून अधिक काळ लोटला होता. वेदनांनी तो खंगला होता आणि त्या शमविण्यासाठी दिलेल्या मॉर्फिनची त्याला सवय लागली होती. जळालेला संपूर्ण चेहरा काढून छातीवरच्या त्वचेचा अखंड मुखवटा एकाच वेळी बसविण्याचा बेत गिलीज यांनी केला. नोव्हेंबर १९१७ मध्ये पूर्वतयारीची शस्त्रक्रिया झाली आणि फेब्रुवारी १९१८ मध्ये मुख्य शस्त्रक्रिया. एवढ्या मोठ्या त्वचेला पुरेसे रक्त मिळाले नाही. ती काळी पडू लागली, जंतुसंसर्ग झाला आणि छातीवरची जागाही भरेना. ११ मार्च १९१८ रोजी लमलीचा मृत्यू झाला. तो अवघा सव्वीस वर्षांचा होता.

हा आघात गिलीज यांनी लपविला नाही. १९२० मध्ये चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जरीवरील त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा यशस्वी रुग्णांच्या छायाचित्रांबरोबर या प्रकरणालाही त्यांनी स्थान दिले. दुबळ्या झालेल्या शरीराकडून एका वेळी किती मागावे, याचा हिशेब त्यानंतर त्यांनी कधी चुकू दिला नाही. एकाच मोठ्या शस्त्रक्रियेऐवजी अनेक लहान शस्त्रक्रिया आणि दोन शस्त्रक्रियांमध्ये शरीर सावरेपर्यंत थांबणे, ही त्यांची रीत झाली. उद्यावर ढकलता येण्याजोगे काम आज उरकू नये, हे व्यवहारी शहाणपणाच्या नेमके उलट वाटणारे तत्त्व ते आपल्या शिष्यांना आयुष्यभर सांगत राहिले.

सिडकपचे दिवस

सिडकपच्या वॉर्डांत आरशांना मज्जाव होता. शस्त्रक्रियेच्या मधल्या टप्प्यावर, गालावरून छातीकडे जाणारी नळी लोंबत असताना, रुग्णाने स्वतःला पाहू नये, हा त्यामागचा हेतू होता. रुग्णालयातून गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील काही बाके निळ्या रंगाने रंगविलेली होती. त्यांवर बसलेल्या माणसाचा चेहरा पाहून दचकायला होईल, अशी गावकऱ्यांना दिलेली ती पूर्वसूचना होती. गावकऱ्यांची सोय म्हणून केलेली ही व्यवस्था रुग्णांना मात्र आपले वेगळेपण रोज नव्याने सांगत असे. त्यांचे मन रमावे म्हणून सुतारकाम, खेळणी बनविणे, केशकर्तन अशा कामांचे वर्ग चालत. जबडा गमावलेल्यांना घन अन्न खाता येत नसे. दूध आणि अंडी यांवर त्यांची गुजराण होई.

या रुग्णांच्या चेहऱ्यांची नोंद ठेवण्याचे काम हेन्री टाँक्स यांनी केले. शल्यविशारद म्हणून शिक्षण घेतलेले आणि पुढे चित्रकलेचे नामांकित अध्यापक झालेले टाँक्स हे या कामासाठी जणू घडलेलेच होते. शस्त्रक्रियेपूर्वीच्या आणि नंतरच्या चेहऱ्यांची त्यांनी रंगीत खडूंनी काढलेली चित्रे आज लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहात आहेत. त्यांत जखमा जशाच्या तशा आहेत, पण त्या जखमांच्या मागून पाहणारे डोळे कोणा एका विशिष्ट माणसाचे आहेत, हे चित्रकाराने क्षणभरही विसरू दिलेले नाही.

भूल देण्याचे शास्त्रही येथेच पुढे सरकले. नाकातोंडावर मुखवटा ठेवून ईथर किंवा क्लोरोफॉर्म देण्याची रूढ पद्धत, नाकतोंडच नसलेल्या माणसावर चालणार कशी? शिवाय शल्यविशारदाला काम करायचे असे ते नेमके त्याच जागी. आयव्हन मॅगिल आणि स्टॅन्ली रोबॉटम या भूलतज्ज्ञांनी श्वासनलिकेत रबरी नळी घालून भूल देण्याची पद्धत सिडकपमध्ये विकसित केली. आज जगातील कोणत्याही मोठ्या शस्त्रक्रियागृहात तिच्याविना पान हलत नाही.

सगळेच रुग्ण सुखरूप घरी परतले, असे मात्र नव्हे. काहींची नवी त्वचा टिकली नाही. काहींनी आणखी एक शस्त्रक्रिया सोसण्यापेक्षा आहे तो चेहरा पत्करला. अनेकांना खाणे, बोलणे, डोळे मिटणे या गोष्टी परत मिळाल्या, तरी पूर्वीचे रूप मिळाले नाही. चांगला चेहरा आणि पुन्हा जगण्यास धजावणारा माणूस या दोन गोष्टी एक नव्हेत, याची जाणीव गिलीज यांना होती. म्हणूनच रुग्णांत मिसळणे, त्यांची थट्टामस्करी करणे, डॉक्टर स्क्रॉगी नावाच्या काल्पनिक व्यक्तीचे सोंग घेऊन त्यांना हसविणे, यांत त्यांना कमीपणा वाटत नसे.

शांततेचा काळ आणि दुसरे महायुद्ध

युद्ध संपल्यावर या नव्या विद्येचे काय करायचे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. गिलीज यांनी तिच्यावरच पोट भरायचे ठरविले. १९२४ मध्ये नौकेवरील स्फोटात भाजलेल्या डॅनिश नौसैनिकांवर उपचार करण्यासाठी त्यांना कोपनहेगनला पाचारण करण्यात आले. अपघातातील जखमी, भाजलेले रुग्ण, फाटलेल्या ओठांची बालके यांच्याबरोबर, केवळ अधिक देखणे दिसू इच्छिणारेही त्यांच्याकडे येऊ लागले. त्यावरून टीका झाली. परंतु नाकाच्या आकारापायी खचलेल्या माणसाचे दुःख खोटे कसे म्हणायचे, असा त्यांचा विचार होता. १९३० मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. त्याच वर्षी त्यांचे न्यूझीलंडचे नातलग आर्चिबाल्ड मॅकिन्डो लंडनला आले आणि त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले, तेव्हा ब्रिटनमध्ये पूर्णवेळ प्लास्टिक सर्जन होते अवघे चार : गिलीज, मॅकिन्डो, रेन्सफर्ड मोलेम आणि टॉमी किल्नर. मॅकिन्डो यांनी ईस्ट ग्रिनस्टेड येथे भाजलेल्या वैमानिकांवर उपचार केले. गिलीज यांनी बेसिंगस्टोकजवळ रुक्सडाउन हाउस येथे मोठे केंद्र उभारले. १९४६ मध्ये ब्रिटनमधील प्लास्टिक सर्जनांची संघटना स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्षपद ओघानेच त्यांच्याकडे आले.

याच काळात त्यांनी एक अत्यंत अपूर्व असे प्रकरण हाती घेतले. मायकेल डिलन हे डब्लिनमधील वैद्यकीय विद्यार्थी स्त्री म्हणून जन्मले होते आणि पुरुष म्हणून जगत होते. १९४६ ते १९४९ या काळात गिलीज यांनी त्यांच्यावर तेरा शस्त्रक्रिया केल्या. सैनिकांसाठी घडविलेली त्वचेची नळीच येथेही कामी आली. डिलन यांचे गुपित फुटू नये म्हणून कागदोपत्री मूत्रमार्गाच्या जन्मजात दोषाची नोंद करण्यात आली. कायदा, समाज आणि व्यवसायबंधू यांपैकी कोणाचीही सहानुभूती गृहीत धरता येत नव्हती, अशा काळात रुग्णाचे म्हणणे प्रमाण मानून त्यांनी हे धाडस केले. १९५८ मध्ये वृत्तपत्रांनी डिलन यांचा गौप्यस्फोट केला, तेव्हा ते भारतात आले. सारनाथ आणि पुढे लडाखमधील मठात राहून त्यांनी बौद्ध दीक्षा घेतली आणि लोबझांग जिवक हे नाव धारण केले. १९६२ मध्ये डलहौसी येथे त्यांचे निधन झाले.

भारतात परतलेला धागा

भारताशी जुळलेला दुसरा धागा अधिक व्यापक आहे. उपदंश किंवा कुष्ठरोगामुळे नाक बसते, तेव्हा बाहेरची त्वचा बहुतेक वेळा शाबूत असते. झिजते ते आतले अस्तर आणि कूर्चा. अशा वेळी कपाळावरून नवे नाक आणण्याची गरज नाही, हे गिलीज यांनी ओळखले. आकसलेली त्वचा आतून मोकळी करायची, तिला आतल्या बाजूने पातळ त्वचेचे नवे अस्तर द्यायचे आणि साच्याचा आधार देऊन नाक पुन्हा उभे करायचे, ही पद्धत त्यांनी सांगितली. ब्रिटनमध्ये गिलीज यांच्याकडे शिकून आलेले डॉ. नोशीर अंतिया यांनी ही पद्धत कुष्ठरुग्णांसाठी मोठ्या प्रमाणावर वापरली. पुण्यातील कुष्ठरुग्णांपासून सुरू झालेले त्यांचे काम पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील प्लास्टिक सर्जरी विभागात बहरले. बसलेले नाक ही कुष्ठरोगाची गावभर फिरणारी दवंडी होती. रोग बरा झाला तरी ते नाक माणसाला घरात, बाजारात, देवळात शिरू देत नसे. ते नाक सरळ झाले की बहिष्काराची एक खूण पुसली जात असे. कावसजीला ज्या परिसरात नवे नाक मिळाले, त्याच परिसरात दीडशेहून अधिक वर्षांनी ही विद्या अशा रीतीने नव्या रूपात परत आली.

अखेर

१९५७ मध्ये गिलीज यांचा दुसरा मोठा ग्रंथ, अमेरिकन शिष्य राल्फ मिलार्ड यांच्या साहाय्याने लिहिलेला, प्रसिद्ध झाला. आयुष्यभराची तत्त्वे आणि कित्येक रुग्णांच्या हकिगती त्यात आहेत. यशाबरोबर फसलेले प्रयोगही आहेत. त्याच वर्षी त्यांच्या पत्नीचे निधन झाले आणि अनेक वर्षे शस्त्रक्रियेत साथ देणाऱ्या मार्जरी क्लेटन यांच्याशी त्यांनी विवाह केला. रिकाम्या वेळात ते तैलचित्रे काढीत. त्यांची प्रदर्शनेही लंडनमध्ये भरली. निवृत्ती मात्र त्यांना मानवली नाही. ३ ऑगस्ट १९६० रोजी, अठरा वर्षांच्या एका मुलीच्या जखमी पायावर शस्त्रक्रिया करीत असतानाच त्यांना मेंदूच्या रक्तवाहिनीतील अडथळ्याचा झटका आला. १० सप्टेंबर १९६० रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्वचेची नळी आज क्वचितच वापरली जाते. सूक्ष्मदर्शकाखाली केसासारख्या रक्तवाहिन्या जोडून शरीराच्या एका भागातील त्वचा, स्नायू आणि हाड दुसरीकडे एकाच बैठकीत नेता येते. आठवड्यांची ती ताटकळ सरली आहे. परंतु शिल्लक असलेले आधी जागेवर न्यावे, हरवलेले नेमके मोजावे, अस्तराविना आवरण घालू नये आणि शरीराला सावरायला अवसर द्यावा, हे नियम भाजलेल्या, अपघातात चिरडलेल्या किंवा आम्लहल्ल्यात होरपळलेल्या रुग्णांवर उपचार करताना आजही भारतातील वॉर्डांत पाळले जातात. त्यांतील प्रत्येक नियमामागे सिडकपमधील कोणा ना कोणा सैनिकाने सोसलेले दुःख आहे.